हुंडीची वाट राखायला या

गेल्या वर्षभरात चार वेगवेगळ्या घरांतून मला जवळपास सारखाच फोन आला. मुलगा किंवा मुलगी बंगळूरला. कुणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कुणी नोकरीच्या पहिल्या वर्षात. सुट्टीच्या दिवशी 'लायटनिंग' नावाच्या कशावर तरी काम चालतं आणि त्याचा बिटकॉइनशी संबंध आहे, एवढं आईवडिलांच्या कानावर आलेलं. पुढचा प्रश्न ठरलेला: "दादा, हे सट्ट्याचं काम तर नाही ना? उद्या दारात पोलीस आले म्हणजे?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. नाणं विकत घेऊन भाव चढायची वाट बघणं हे एक काम. ते नाणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे ज्या वाटेने जातं, ती वाट शोधणारं सॉफ्टवेअर नीट राखणं हे अगदी निराळं काम. पहिल्यात घरची बचत घालू नका. दुसऱ्याला मात्र ज्यांना जमेल त्यांनी हात लावा. हात कमी आहेत, काम चोख लागतं, आणि या शहरात ते शिकण्याइतकी सोय दुसरीकडे सहसा मिळत नाही.

आईवडिलांची भीती मला पोकळ वाटत नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये इथेच, ओल्ड एअरपोर्ट रोडवरच्या केम्प फोर्ट मॉलमध्ये, युनोकॉइन या बंगळूरच्या कंपनीने बिटकॉइनचं यंत्र बसवलं. थोड्याच दिवसांत पोलिसांनी ते जप्त केलं आणि कंपनीच्या संस्थापकांना अटक झाली. त्याच वर्षी 6 एप्रिलला रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्याशी व्यवहार करायला मनाई केली होती. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. आज बिटकॉइन बाळगणं गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. 1 एप्रिल 2022 पासून त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो. हे सारं नाणं बाळगणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या माथी. सर्वांसाठी खुला असलेला प्रोग्राम वाचायला, त्यातली चूक शोधायला आणि दुरुस्त करायला एक रुपयाचंही नाणं घ्यावं लागत नाही.

आता ते काम काय आहे ते समजावतो. आपल्याकडे हुंडी होती म्हणून हे सोपं आहे.

पेशवाईत पुण्याहून उत्तरेत आणि उत्तरेतून पुण्यात पैसा जायचा तो सगळाच काही बैलांच्या पाठीवरून जात नसे. पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याच्याकडून हुंडी घ्यायची, आणि काशीच्या पेढीवर ती वटवायची. दोन पेढ्यांची थेट ओळख नसली तर मधे तिसरी पेढी असे, तिचं दोघांशी खातं चालू असे. प्रत्यक्ष रुपये हलत नसत. वह्यांमधली बाकी हले. या सेवेबद्दल सावकार जे घेई त्याला हुंडणावळ म्हणत. बघताक्षणी वटणारी ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी वटणारी ती मुदती.

लायटनिंग म्हणजे अशाच पेढ्यांचं जाळं. बिटकॉइनच्या मूळ खातेवहीत साधारण दर 10 मिनिटांनी एक नवं पान चढतं, म्हणून चहाचे पैसे तिथे देत बसणं परवडत नाही. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी 2015 मध्ये सुचवलं की दोघांनी मिळून काही रक्कम मूळ वहीत एकदा अडकवून ठेवावी आणि मग आपसातली बाकी हवी तितक्या वेळा बदलत राहावी. शेवटचा हिशेब तेवढा मूळ वहीत मांडावा. या जोडखात्याला चॅनल म्हणतात आणि पेढीला नोड. 2018 पासून खऱ्या पैशांवर हे चालू आहे. पैसे घेणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते. ती ज्याच्या हाती मुदतीत आली त्याला मागच्या पेढीने पैसे द्यायचे, नाही आली तर रक्कम आपोआप मागे फिरते. त्यामुळे मधल्या पेढीवर भरवसा ठेवावा लागत नाही. ही सगळी हुंडी मुदतीच, आणि मुदत प्रत्येक टप्प्यावर वेगळी.

हुंडणावळ किती, तर एलएनडी या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये कुणी काही बदललं नाही तर दर हुंडीमागे 1 सातोशी, वर रकमेतल्या दर दहा लाख सातोशींमागे एक. सातोशी म्हणजे एका बिटकॉइनचा दहा कोटींवा भाग. एक लाख सातोशी पुढे पाठवल्याबद्दल मधल्या पेढीला 1.1 सातोशी मिळतात. यावर घर चालत नाही. जो कुणी तुम्हाला 'नोड लावा, बसल्या जागी कमवा' असं सांगेल त्याला हा आकडा दाखवा.

खरी मेख वाट शोधण्यात आहे, आणि तिथेच मला लोक हवे आहेत.

समजा दोन पेढ्यांच्या जोडखात्यात 10 लाख सातोशी आहेत. ही रक्कम जगजाहीर असते. पण त्यातले डावीकडे किती, उजवीकडे किती, हे त्या दोघांनाच माहीत. डावीकडे 7 लाख असतील तर तिथून 5 लाख जातील. 3 लाख असतील तर जाणार नाहीत. संध्याकाळी बंगळूरच्या सिल्क बोर्डाच्या चौकात उभं राहिलेल्याला हे सांगायला नको: नकाशावर रस्ता चार पदरी दिसतो, आत्ता त्यातून गाडी निघेल का ते नकाशा सांगत नाही. शिवाय लायटनिंगमध्ये सगळी वाट पाठवणाऱ्याने आधीच ठरवायची असते. निरोप थरांवर थर गुंडाळून जातो. मधल्या पेढीला फक्त आपल्या मागची आणि पुढची पेढी कळते. खासगीपणासाठी हे हवंच. पण त्यामुळे वाट अडली तर मधल्याला ती वळवता येत नाही. हुंडी मागे येते आणि पाठवणाऱ्याला दुसरी वाट काढावी लागते.

किती वेळा अडेल याचा साधा हिशेब शाळेतल्या गणिताने होतो. बाकी कुठेही असू शकते असं धरलं, तर 10 लाखांच्या खात्यातून 5 लाख जाण्याची शक्यता निम्मी. अशी चार खाती ओलांडायची असतील तर अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा: सोळात एक. तेच फक्त 1 लाख पाठवायचे असतील तर प्रत्येक खात्यावर 90 टक्के आणि चार मिळून साधारण 66 टक्के. आणि खाती 1 कोटीची असतील, रक्कम तीच 5 लाख, तर चार ओलांडून जाण्याची शक्यता 81 टक्क्यांवर जाते. म्हणजे सर्वात स्वस्त वाट ही बऱ्याचदा चांगली वाट नसते. मोठी रक्कम फोडून चार वाटांनी पाठवावी का, प्रत्येक वाटेवर किती टाकावी, दोन सातोशी जास्त देऊन खात्रीची वाट घ्यावी का, हे सगळं सॉफ्टवेअरने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ठरवायचं असतं.

2021 मध्ये रेने पिकहार्ट आणि स्टेफान रिश्टर यांनी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडला. एकेक वाट शोधू नका. नळांच्या जाळ्यातून पाणी सोडल्यासारखी सगळी रक्कम एकदम कशी वाहील ते बघा, आणि खर्चाबरोबर खात्रीलाही किंमत लावा. ऑपरेशन्स रिसर्च शिकलेल्यांना हे गणित ओळखीचं वाटेल. पुढे कोअर लायटनिंग या प्रोग्राममध्ये त्यावर आधारलेला भाग आला. पण वाद मिटला असं नाही. बाकी कुठेही असू शकते हे गृहीतकच खरं आहे का? प्रत्यक्षात बरीच खाती एका बाजूला कलंडलेली असतात: सगळं डावीकडे किंवा सगळं उजवीकडे. एलएनडीमध्ये या दुसऱ्या समजुतीवर चालणारा अंदाजही आता निवडता येतो. आधी अडलेल्या वाटांची आठवण किती काळ ठेवायची, हाही प्रश्न आहे. एलएनडीत ही मुदत कुणी बदलली नाही तर ती आठवण दर तासाला निम्मी होते. तास योग्य, की दहा मिनिटं, की अर्धा दिवस? याचं उत्तर कुणीतरी मोजून द्यावं लागतं. संख्याशास्त्राची आवड असलेल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रश्न मी सुचवू शकत नाही.

नवं बांधायला लोक येतात. बांधलेलं राखायला फार थोडे थांबतात, आणि त्याची किंमत काय होते ते 9 ऑक्टोबर 2022 ला दिसलं. त्या दिवशी एका प्रोग्रामरने बिटकॉइनच्या मूळ वहीत एक अवजड नोंद टाकली: 999 पैकी 998 सह्या लागणारा व्यवहार. नियमाप्रमाणे तो बरोबर होता. पण एलएनडी ज्या सॉफ्टवेअर-लायब्ररीतून मूळ वही वाचतो, त्यात सह्यांच्या भागाच्या आकारावर एक जुनी मर्यादा लिहिलेली होती. ती जुन्या नियमाला धरून होती. नोव्हेंबर 2021 मध्ये टॅपरूट नावाची बिटकॉइनची सुधारणा आल्यावर नियम बदलला, आकडा तसाच राहिला. जवळजवळ वर्षभर कुणाला तो खटकला नाही. ती नोंद आली आणि जगभरचे एलएनडी नोड त्या पानावर अडकले. पुढची पानं त्यांना दिसेनात. मूळ वही न दिसणाऱ्या पेढीला समोरच्याने जुना हिशेब मांडून फसवलं तरी कळत नाही. काही तासांत दुरुस्ती आली. मग 1 नोव्हेंबरला त्याच जातीच्या दुसऱ्या मर्यादेवर पुन्हा तोच प्रकार.

मी ही गोष्ट सारखी सांगतो, कारण इथे चूक हुशारीची नव्हती. नियम बदलला तेव्हा त्या नियमावर बेतलेले सगळे आकडे शोधून काढायला कुणी बसलं नव्हतं. असं बसणं म्हणजेच देखभाल. ते काम दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी करू शकतो, चिकाटी असेल तर.

अशा त्रुटी आणखीही निघाल्या आहेत. 2019 मध्ये कळलं की समोरच्याने उघडलेल्या खात्यात खरोखर पैसे भरले आहेत का, हे काही प्रोग्राम मूळ वहीत नीट ताडूनच बघत नव्हते. सावकाराने रोख न मोजता हुंडी लिहून द्यावी तसं हे झालं. ज्याच्या घरात कधी पेढी, पतसंस्था, किराणा दुकान होतं त्या मुलाला असली चूक चटकन दिसेल, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे हिशेबाची ती नजर घराघरात आहे. तिचा इथे उपयोग होऊ द्या.

सुरुवात कुठून करायची, तर आपली भाषा बघून. एलएनडी गो भाषेत आहे, कोअर लायटनिंग मुख्यतः सीमध्ये, फ्रान्सच्या एसिंकचा एक्लेअर स्कालामध्ये, एलडीके रस्टमध्ये. चौघांना बांधणारे सामाईक नियम 'बोल्ट' नावाच्या दस्तऐवजांत आहेत. प्रोग्राम उघडण्याआधी त्यातला वाट आणि निरोपाचा भाग वाचा. आंतोनोपुलोस, ओसुंतोकुन आणि पिकहार्ट यांचं 'मास्टरिंग द लायटनिंग नेटवर्क' हे पुस्तक फुकट वाचायला मिळतं. एकट्याने वाचवत नसेल तर बिटशाळा हा भारतीय गट अशी पुस्तकं गटागटाने वाचून घेतो, आणि 2021 पासून चालू असलेल्या 'समर ऑफ बिटकॉइन'मध्ये विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात मार्गदर्शक मिळतो, विद्यावेतनही. पुढे कामात मुरलात तर स्पायरल, ब्रिंक, ओपनसॅट्स अशा संस्था पूर्ण वेळ काम करणाऱ्यांना अनुदान देतात. पण अनुदान डोळ्यासमोर ठेवून पहिलं पाऊल टाकू नका. पहिले सहा महिने फक्त इतरांनी सुचवलेले बदल वाचा, आपल्या यंत्रावर चालवून बघा, काय दिसलं ते लिहा. 'मी हे चालवलं, या तीन प्रकारे चालवलं, तिसऱ्यात अडलं' अशी चार ओळींची नोंद ही सांभाळणाऱ्यांसाठी मोठी मदत असते. नवा बदल सुचवणारे दहा असतात, तपासणारा एक.

मराठीत लिहा, हेही सांगतो. 'चॅनल', 'नोड' हे शब्द राहू देत. पण बाकी, हुंडणावळ, मुदत, पेढी, वटणं हे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि ते अर्थाला चपखल बसतात. सांगलीच्या किंवा बेळगावच्या कॉलेजातल्या मुलाला ही कल्पना पहिल्यांदा आपल्या भाषेत समजली, तर पुढचा इंग्रजी दस्तऐवज त्याला जड जाणार नाही.

ज्यांनी आधीच खऱ्या पैशांचा नोड लावला आहे त्यांना दोन-तीन गोष्टी बजावून सांगायच्या आहेत. जुन्या बॅकअपमधून चॅनलची माहिती कधीही परत चढवू नका. ती जुनी बाकी तुमच्या नोडने मूळ वहीत मांडली तर समोरचा प्रोग्राम तुम्हाला लबाड समजतो, आणि नियमाने त्या खात्यातली सगळी रक्कम त्याची होते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाचे पैसे अशाच सद्हेतूने गेले. डिस्क बिघडली, त्याने आठवड्यापूर्वीची प्रत लावली. यासाठीच एलएनडीत वेगळा स्थिर बॅकअप आहे, तो वापरा. सुरक्षेची सुधारित आवृत्ती आली की त्याच दिवशी चढवा. आणि तुमचा पैसा 'वाटेत आहे' असं दिसत असेल तर घाबरून दुकानदाराकडून नवं बिल मागवून पुन्हा भरू नका. एलएनडीत न बदलता ठेवलं तर एका टप्प्याची मुदत मूळ वहीच्या 80 पानांची (ब्लॉकची), म्हणजे तेरा-चौदा तासांची असते. मधला नोड बंद पडला तर रक्कम तेवढा वेळ आणि जास्तही लटकू शकते. जुन्या काळी हुंडी हरवली तर तिचीच पेठ लिहून देत, पेठ हरवली तर परपेठ. नवी हुंडी लिहीत नसत, कारण मग दोन्ही वटल्या असत्या. इथेही तेच. तेच बिल पुन्हा आलं तर सॉफ्टवेअर ओळखतं. नवं बिल ही वेगळी हुंडी, आणि दोन्ही वटू शकतात. आणि हे सगळं चालवून हुंडणावळ कमवायचीच असेल तर आधी करसल्लागाराशी बोला.

ज्या घरांना बिटकॉइनचं नावच नको आहे, त्यांच्या मुलांसाठीही या शहरात हेच कसब शिकायची दुसरी जागा आहे. भीम ॲप ज्यांनी बांधलं त्या बंगळूरच्या जसपेने हायपरस्विच नावाचं आपलं पेमेंटचं सॉफ्टवेअर खुलं केलं आहे, रस्टमध्ये. कार्डाचा व्यवहार कोणत्या मार्गाने पाठवला तर पार पडण्याची शक्यता जास्त, हा तिथलाही प्रश्न आहे. झिरोधाने 2024 मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला 10 लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. राखणाऱ्यांना पैसे मिळाले पाहिजेत हा विचार या गावात आता रुजतो आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. वर्षातून एकदा इंडियाफॉस या खुल्या सॉफ्टवेअरच्या मेळाव्याला जा. तिथे असली कामं वर्षानुवर्षं सांभाळणारी माणसं चहाच्या रांगेत भेटतात आणि प्रश्न विचारलेले त्यांना आवडतात.

आईबाबांना माझी विनंती वेगळी आहे. मुलाला 'क्रिप्टो सोड' म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा. यात आपले किती पैसे घातले आहेस? आणि तू केलेला शेवटचा बदल मला दाखवतोस का? पहिल्याचं उत्तर 'शून्य' आणि दुसऱ्याला तो लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला, तर निर्धास्त राहा. पहिल्या प्रश्नाला तो गडबडला, तर मात्र रागावू नका, पण उठूही नका. सगळा हिशेब कागदावर मांडून घ्या.

आणि ज्यांना आज रात्रीच सुरुवात करायची आहे त्यांनी पोलर नावाचं फुकट साधन उतरवून घ्या. त्यात आपल्याच यंत्रावर खोट्या नाण्यांचं लायटनिंगचं जाळं उभं राहतं. बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध नसतो. चार नोड लावा, तीन खाती उघडा, मधल्या खात्याची जवळपास सगळी बाकी मुद्दाम पलीकडे सारा. मग पहिल्याकडून चौथ्याला पैसे पाठवा. ते अडतील. कुठे अडले, पाठवणाऱ्या नोडला ते कसं कळलं, दुसऱ्यांदा त्याने काय केलं, हे त्याच्या नोंदवहीतून शोधून आपल्या शब्दांत पानभर लिहा. पुढच्या रविवारी ते पान घेऊन या, पाचवा नोड कुठे जोडायचा ते बरोबर बसून ठरवू.